कागदावर राहिलेले चंडीगड

चंडीगडला जाणाऱ्या पाहुण्यास तेथील लोक कौतुकाने तीन गोष्टी दाखवितात: सुखना तलाव, टाकाऊ वस्तूंतून उभे राहिलेले रॉक गार्डन, आणि शहराच्या माथ्यावरील विधानभवन, उच्च न्यायालय व सचिवालय यांच्या काँक्रीटच्या भव्य इमारती. वाचकहो, या तिन्ही गोष्टी पाहण्याजोग्या आहेतच. परंतु आज आपण या शहराचा कागदावर राहिलेला भाग पाहावयास जाऊ या. या फेरीचा आरंभ सेक्टर ३२ पासून करावा.

चंडीगडचा सेक्टर म्हणजे सुमारे १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद असा वस्तीचा चौकोन. त्याच्या पोटात शाळा, बाजार व मोकळे मैदान असावे, आणि लहान मुलास शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, ही मूळ कल्पना. पहिल्या टप्प्यातील वसाहत सेक्टर ३० पर्यंत झाली. ३१ पासून दुसऱ्या, अधिक दाट वस्तीच्या टप्प्यास सुरुवात झाली. या दोहोंच्या सीमेवरून दक्षिण मार्ग जातो. त्याच्या कडेला सेक्टर ३२ मध्ये १९९१ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.

रुग्णालयाजवळच्या चौकातून पूर्वेकडे पाहिले, की पुढे ट्रिब्यून चौक लागतो. दिल्ली-अंबाल्याकडून येणारी वाहने येथूनच शहरात शिरतात, आणि कामाच्या वेळी चौकात त्यांची दाटी होते. यावर उपाय म्हणून अभियंत्यांनी एक उड्डाणपूल योजला. रुग्णालयाच्या चौकाजवळून निघून ट्रिब्यून चौक ओलांडावा आणि रेल्वेपुलाच्या दिशेने उतरावे, अशी त्याची सुमारे दीड किलोमीटरची आखणी होती. मार्च २०१९ मध्ये पायाभरणी झाली. पण रस्त्याच्या कडेची शेकडो झाडे तोडावी लागणार, हे कळताच नागरिक न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने वृक्षतोडीस स्थगिती दिली. ती २०२४ मध्ये उठली. मधली सारी वर्षे पूल नकाशांतच राहिला.

या वादात एका बाजूस शहाणे व दुसऱ्या बाजूस अडाणी असे नव्हते. रोज तास-अर्धा तास चौकात अडकणारा कारकून, रुग्णास घेऊन येणारी गाडी, यांची निकड खरी. पूल बांधल्याने गर्दी नाहीशी न होता पुढच्या चौकात जाईल. झाडांच्या उंचीला जपून वसविलेल्या शहराचे रूप एकदा बिघडले, की परत मिळणार नाही, हे म्हणणेही खरे. अभियंता वाहने मोजतो, जमिनीचा कस पाहतो, खांबांच्या जागा ठरवितो. पण शहराने कशासाठी काय गमवावे, याचे उत्तर त्याच्या मोजपट्टीवर नसते. ते सर्वांनी मिळून शोधावयाचे असते.

चंडीगडला हा प्रश्न नवा नाही; त्याचा जन्मच अशा कागदांतून झाला. १९४७ च्या फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला नव्या राजधानीची गरज पडली. पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी केला. त्यांचे तरुण सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० च्या ऑगस्टमध्ये विमान-अपघातात मृत्यू पावले. त्यानंतर प्रशासक थापर व मुख्य अभियंता वर्मा युरोपात गेले, आणि काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. १९५१ च्या आरंभी त्यांनी सहकाऱ्यांसह आराखडा नव्याने मांडला व मेयर यांचे वळणदार रस्ते सरळ केले. मात्र स्वयंपूर्ण वस्तीची कल्पना टाकून दिली नाही. सेक्टरांत आज मुले निर्धास्तपणे खेळतात, त्या सुखात न बांधलेल्या त्या पहिल्या नगराचा वाटा आहे.

ल कॉर्बुझिए यांचेही सारेच कागद प्रत्यक्षात उतरले नाहीत. विधानभवनादी इमारतींच्या शिरोभागी राज्यपालांचा प्रासाद उभारण्याचा त्यांचा बेत होता. लोकशाहीच्या राजधानीत राज्यपालांचे निवासस्थान असे सर्वांहून वर मिरवावे, हे पंडित नेहरूंना रुचले नाही. प्रासाद झाला नाही. त्या जागी सुचविलेले ज्ञानसंग्रहालयही झाले नाही. त्या विस्तीर्ण पटांगणात उभे राहिले असता जी पोकळी जाणवते, ती विस्मरणाची नव्हे. तेथे एका तत्त्वाने एका सुंदर चित्रास नकार दिला आहे. याउलट, वाऱ्याबरोबर फिरणारा 'उघडा हात' निर्मात्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उभारला गेला.

आपल्या महाराष्ट्रातही असा अनुभव आहे. मुंबई बंदर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यास जाणाऱ्या पुलाची कल्पना १९६० च्या दशकात मांडली गेली. सुमारे बावीस किलोमीटरांचा तो सागरी सेतू वाहनांसाठी खुला झाला जानेवारी २०२४ मध्ये. ज्यांनी प्रथम रेषा ओढल्या, त्यांपैकी कितीजणांना त्यावरून जाता आले असेल?

म्हणूनच असे कागद जपले पाहिजेत. बांधलेली इमारत केवळ अखेरचा निर्णय सांगते. न बांधलेल्या कामाचे नकाशे, हिशेब व पत्रे मात्र त्या निर्णयाआधीचा विचार सांगतात: कोणी काय सुचविले, कोणी हरकत घेतली, कशासाठी माघार घेतली. शिवाय कागदावरची रेघ खोडण्यास रबर पुरते. काँक्रीटमध्ये उतरलेली चूक नातवंडांनाही भोगावी लागते.

चंडीगडने ही ठेव काही प्रमाणात सांभाळली आहे. सेक्टर १९ मध्ये ज्या साध्या कचेरीत बसून वास्तुविशारदांनी नगर रेखाटले, तिचे २००८ मध्ये संग्रहालय झाले. सेक्टर १० मध्येही शहराच्या रचनेचा इतिहास सांगणारे संग्रहालय आहे. तेथे गेल्यास मुलांनाही बरोबर न्यावे. आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या नगरपालिकेत एकदा चौकशी करावी, की न झालेल्या रस्त्यांचे, पुलांचे, बागांचे नकाशे कोठे आहेत? ज्या गावाला आपण काय केले नाही व का केले नाही हे ठाऊक असते, त्याला पुढे काय करावे हे ठरविणे थोडे सोपे जाते.