रगूसाहून मामांना

ती. मामांस,


रगूसात उतरल्यापासून सारखी तुमचीच आठवण येते आहे. तुमच्या गावासारखीच ही सगळी डोंगरावरची गावं भूकंपानंतर नव्यानं उभी राहिलेली. ११ जानेवारी १६९३ रोजी, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाच्या तीनशे वर्षं आधी, सिसिलीचा हा आग्नेय कोपरा हादरला. साठेक हजार माणसं गेली. लोक लांबलांबून जी बरोक शहरं बघायला येतात, ती त्या ढिगाऱ्यांनंतरची आहेत.

जागेवरून इथंही वाद झाले. नोटो गाव जुना डोंगर सोडून पार दुसरीकडे आखलं गेलं, आणि परत जायचं की नाही यावर गावात वर्षानुवर्षं तंटा चालला. रगूसात तर गावच फुटलं. संत जॉनला मानणारे वर पठारावर गेले. संत जॉर्जचे मानकरी खाली जुन्या टेकडीवर, इब्लात, हटून बसले. दोन्ही गावं पुन्हा एक झाली ती थेट १९२६ साली.

खालच्यांनी मग संत जॉर्जचं चर्च असं बांधून घेतलं की बघत राहावं. रोसारिओ गाल्यार्दी हा त्याचा स्थपती. चौक चढत जातो, वर उंच पायऱ्या, आणि चर्च चौकाला समोरासमोर नाही, जरा तिरकं बसवलेलं आहे. त्यामुळे खालून येताना दर्शनी भाग आणि मागचा घुमट दोन्ही एकदम दिसतात. दर्शनी भिंतीचा मधला पट्टा पोट पुढे काढल्यासारखा फुगलेला, दोन्ही अंगांना खांबांचे जुडगे. तीन मजले निमुळते होत जातात आणि शेवटी घंटा. दगड मऊ चुनखडीचा, मधाच्या रंगाचा. ऊन सरकतं तशी खांबांची सावली त्या फुगीर भिंतीवर वाकडी होत जाते. मी बराच वेळ तेवढंच बघत उभा होतो.

बरोकला पुष्कळ जण नुसता थाटमाट म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्यांचं सगळं गेलं त्यांनी डोक्यावर छप्पर तर घातलंच, पण नोटोतल्या ‘निकोलाची’ नावाच्या वाड्यात सज्ज्यांखालच्या आधाराच्या दगडांतून सिंह, पंखांचे घोडे, जलपऱ्याही कोरून घेतल्या. सरदारांना मिरवायचं होतं हे खरं. तरी रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही मान वर केली की ते दिसतं. तुमच्या नव्या गावाला वेस नाही, हे तुम्ही अजून बोलून दाखवता. वेशीची ती मागणी किती रास्त आहे, हे मला इथं येऊन कळलं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला लगेच उमगेल. १३ मार्च १९९६ला नोटोच्या मुख्य चर्चचा घुमट कोसळला. १९९०च्या भूकंपानं तडे गेले होतेच, वर नंतरच्या काळात घातलेल्या काँक्रीटच्या छताचा भार. पण मूळ दुखणं खांबांत होतं: बाहेरून घडीव दगड, आत गोटे आणि कच्चा चुना. आपल्या माळवदाच्या घरांच्या भिंती अशाच होत्या ना, दोन पदर आणि मधे माती-दगडाची भर? नशिबानं नोटोत कोणी दगावलं नाही. दुरुस्तीत खांब आतपर्यंत भरीव दगडाचे केले आणि २००७ साली चर्च पुन्हा उघडलं. बाहेरून रूप तेच ठेवलं आहे.

तुमच्या गावानं नवी जागा कशी ठरवली, बैठकीत कोण काय बोललं, कोण जायला तयार नव्हतं, हे मला सविस्तर लिहून कळवा. हाताला त्रास होत असेल तर धाकट्याला सांगा, तो लिहून घेईल. जुन्या घराचा नकाशाही काढून पाठवा, ओसरी कुठे आणि बळद कुठे यासकट.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा