लोणारचं हिरवं गुपित

लोणार म्हणजे उल्का, फोटो आणि परत, असा तुमचा वीकेंड प्लॅन असेल तर त्यात दोन तास वाढवा आणि खाली पाण्यापर्यंत उतरा. विवराचा व्यास जवळपास १.८ किलोमीटर, परतीचा चढ तुमच्या जिमची परीक्षा घेतो.

आधी येतो वास, सडक्या अंड्यांचा. मग रंग. अगदी पोस्टर कलरचा हिरवा. "शेवाळ आहे, हात नका लावू," गाइडदादा म्हणाले. शेवाळ खरं, पण साधंसुधं नव्हे. हेल्थ स्टोअरमध्ये महागड्या डबीत मिळते ना, ती स्पिरुलिना! (शास्त्रज्ञ तिला जिवाणूंत मोजतात, बाजार मात्र शेवाळच म्हणतो.) इथल्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, त्यामुळे बाकीच्या बहुतेक शेवाळांना नो एन्ट्री. स्पिरुलिनाची शेती करणारे टाकीत हेच घडवतात. १९६६च्या झारूकच्या प्रसिद्ध कृतीत लिटरमागे चक्क १६.८ ग्रॅम खायचा सोडा आहे.

खरी गंमत पुढे. एरवी स्पिरुलिनात प्रोटीन साठेक टक्के. टाकीतला नायट्रोजन तोडला की प्रोटीन बनवायला मालच उरत नाही. ऊन मात्र चालूच. मग पेशी साखर बनवून ग्लायकोजेनच्या रूपात साठवत सुटते. बेंचवर बसवलं आणि कॅन्टीन चालू ठेवलं की आपलं पोट सुटतं, अगदी तसं! फॉस्फरस तोडून केलेल्या प्रयोगांत कर्बोदकं निम्म्याच्या वर गेली आहेत. ती आंबवली की इथेनॉल, तेही उसासारखी सुपीक जमीन न अडवता. अडचण एवढीच की उपाशी शेवाळ फारसं वाढत नाही. म्हणून आधी भरपूर खाऊ घालायचं, मग उपाशी ठेवायचं.

तळ्यात मात्र हा मेनू कुणी ठरवत नाही. गावाचं सांडपाणी तळ्यात येतं ही तक्रार जुनी आहे, आणि सांडपाण्यातून नेमकं नायट्रोजन-फॉस्फरसच येतं. गोडं पाणी वाढलं तर खारेपणाही उतरतो, म्हणजे स्पिरुलिनाचं कुंपणच गेलं. हा तोल किती नाजूक आहे ते जून २०२०मध्ये दिसलं. पाणी आटलं, क्षार वाढले आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीवांनी तळं गुलाबी केलं; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून तसं सांगितलं. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेलं. माझं विचाराल तर इथेनॉलची शेती खुशाल टाक्यांत करा, इथली बादलीभरही नको.

जायला हिवाळा बेस्ट. छत्रपती संभाजीनगरहून साधारण १५० किलोमीटर. प्यायचं पाणी सोबत न्या, खाली एवढं मोठं तळं असूनही.