‘केलं’ पुसा, रूप चालवा

मुंबईतल्या एका रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवते. माझे विद्यार्थी दिवसभर कामावर असतात. कुणी कुरिअरच्या गोदामात, कुणी गॅरेजमध्ये, कुणी चार घरची धुणीभांडी उरकून येतात. वर्गात बसेपर्यंत डोळ्यांवर पेंग आलेली असते. अशा माणसांपुढे पहिल्याच दिवशी बारा काळांचा तक्ता टांगला, की ती मुकाट्याने उतरवून घेतात. तक्त्यात चूक काहीच नसते. पण वहीत उतरलेलं रूप जिभेवर येत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

म्हणून क्रियापदं मी त्यांच्याच बोलण्यातून उचलते. आज काय काय केलंत ते मराठीत सांगा, म्हणते. मग एकेक जण बोलू लागतो: पार्सल पॅक केलं, पत्ता चेक केला, गाडी पार्क केली, ऑर्डर कॅन्सल केली, मोबाइल रिचार्ज केला, शिफ्ट अ‍ॅडजस्ट केली. बघता बघता फळा भरतो. आता यातलं ‘केलं’ पुसायचं आणि तिथे इंग्रजीचा भूतकाळ लावायचा. आपण रोज वापरतो ती ही इंग्रजी क्रियापदं बहुतेक सगळी नियमित आहेत. ‘कट’, ‘सेंड’ अशी थोडी वेगळ्या वाटेने जातात, ती मी कोपऱ्यात लिहून ठेवते. बाकी सगळ्यांना एकच प्रत्यय, ई-डी. म्हणजे ज्यांना आपल्याला इंग्रजी अजिबात येत नाही असं वाटतं, त्यांच्याजवळ पंचवीस-तीस क्रियापदं आधीच असतात. हे त्यांना पहिल्या तासाला कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यय एक, उच्चार मात्र तीन. इथे देवनागरी फार कामाला येते. रोमन लिपीत शेवटी तीच दोन अक्षरं दिसतात, म्हणून ‘पॅकेड’, ‘चेकेड’ असं वाचलं जातं. मी सगळ्यांना गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगते. ‘पॅक’मधला शेवटचा क म्हणताना बोटांना काही जाणवत नाही, त्यामागे ट येतो, पॅक्ट, चेक्ट, पार्क्ट. ‘कॅन्सल’चा ल म्हणताना गळा थरथरतो, तिथे ड येतो, कॅन्सल्ड. तसंच रिचार्ज्ड, रिपेअर्ड. आणि मुळातच शेवटी ट किंवा ड असेल, तर मध्ये एक लहानसा स्वर घ्यावा लागतो: अ‍ॅडजस्टेड, स्टार्टेड, लोडेड.

या तिसऱ्या गटापाशी वर्ग हमखास अडतो. ‘स्टार्ट’चा भूतकाळ विचारला की उत्तर येतं, स्टार्टच. शेवटी ट ऐकू येतोय, म्हणजे रूप झालंच, असं कानाला वाटतं. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंसुद्धा इथे अडखळतात. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने 1958 साली चार ते सात वर्षांच्या मुलांना ‘रिक’, ‘मॉट’, ‘बॉड’ अशी बनावट क्रियापदं दिली होती. ‘रिक’चा भूतकाळ बहुतेकांनी सांगितला, ‘मॉट’ आणि ‘बॉड’ला पुष्कळ मुलं थांबली. हे मी वर्गात आवर्जून सांगते.

गोदामातली एक विद्यार्थिनी एकदा विचारू लागली, “मॅडम, डबा पॅक केला, पेटी पॅक केली, पार्सल पॅक केलं. पेटीला वेगळं रूप नाही?” नाही. “आणि मी बोलले काय, हे दादा बोलले काय?” तरी पॅक्टच. ती मोकळेपणी हसली. मराठीत भूतकाळाचं सकर्मक क्रियापद बहुधा कर्माचं लिंग-वचन बघून बदलतं, ही केवढी कसरत आपण लहानपणापासून लीलया करतो! तिच्या मानाने इंग्रजीचा हा भाग सोपा आहे.

वर्तमानकाळात ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आले की एस लावायचा; भविष्यकाळाला ‘विल’ आणि पुढे मूळ रूप. नकाराला मात्र वेळ द्यावा लागतो. आपण ‘पॅक केलं नाही’ म्हणतो, म्हणजे भूतकाळ क्रियापदातच राहतो. इंग्रजीत तो ‘डिड’ उचलतो, म्हणून मागे साधं ‘पॅक’ उरतं. ‘डिड नॉट पॅक्ट’ पेपरात दिसलं की माझा जीव तुटतो, कारण विद्यार्थ्याला भूतकाळ समजलेला असतो आणि तरी गुण जातो.

एवढं झाल्यावर तो तक्ता काढते, रिकाम्या चौकटींचा. पॅक, पॅक्स, पॅकिंग, पॅक्ट या चार रूपांवर बाराही चौकटी भरतात. नियमित क्रियापदाचं दुसरं आणि तिसरं रूप एकच असतं. बदलतात ती पुढची सहायक क्रियापदं. प्रत्येकाने आपल्या कामाचं क्रियापद घ्यायचं. गॅरेजवाल्याने ‘रिपेअर’ घेतलं, बाराही वाक्यं मोठ्याने वाचली आणि लगेच विचारलं, “मॅडम, कोपऱ्यातल्या ‘सेंड’चं काय?” त्याच तासाला आम्ही ‘सेंट’पासून पुढे निघालो.