कोणते पान पिवळे?

मासा ही खायची वस्तू आहे, बघत बसायची नव्हे, अशी आमच्या गावाकडची सरळ समजूत. त्यामुळे वर्ध्याला शिकायला आल्यावर खोलीमालकांच्या बैठकीत दोन फूट लांबीची काचेची टाकी, तीत फिरणारे रंगीत मासे आणि पाण्यातच वाढणारी झाडे पाहून मला मोठेच नवल वाटले.

गेल्या हिवाळ्यात मासे ठणठणीत होते. झाडे मात्र खंगू लागली. मालकीणकाकूंनी पाणी बदलून पाहिले, दिवा रात्री अकरापर्यंत चालू ठेवून पाहिला. त्याने काचेवर शेवाळ तेवढे वाढले! शेवटी त्या म्हणाल्या, “काढून टाकू अन् प्लॅस्टिकची लावू. त्यांना ना खाणं, ना दुखणं.” मी त्यांच्याकडून महिन्याची मुदत मागून घेतली.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्राशी माझा काय संबंध? पण माझे बाबा कपाशी पिकवतात. रात्री त्यांना फोन लावला. पाण्यातल्या झाडांचे कौतुक ऐकून ते आधी हसले आणि मग एकच प्रश्न विचारला, “कोनतं पान पिवळं पल्लं बापा? खालचं का शेंड्याचं?”

या प्रश्नात किती शास्त्र भरले आहे, ते ग्रंथालयात पुस्तके चाळल्यावर उमगले. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाला जुन्या पानातून काढून नव्या पानाला देता येतात. म्हणून त्यांची टंचाई झाली की आधी खालचे पान सुकते. एखाद्या घरात आईबाप अर्धपोटी राहून लेकरांचे ताट भरतात, तसेच हे. लोहाचे मात्र तसे नाही. ते एका पानातून दुसऱ्यात सहजी जात नाही; म्हणून ते कमी पडले की शेंडाच पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात सोयाबीन असेच पिवळे पडते, आणि मॅग्नेशियम व नत्र कमी पडले की कपाशीवर लाल्या येतो. बाबा हे सारे पानावरून वाचतात.

मग मीही टाकी वाचायला बसलो. हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना भोके पडली होती : पालाश कमी. एका लालसर झाडाचा शेंडा फिकट होता : लोह कमी. आमच्याकडचे बोअरचे पाणी जड. अशा पाण्यात लोह असले तरी झाडाच्या उपयोगी पडत नाही. त्याच जड पाण्यात लांब पट्टीसारख्या पानांचे व्हॅलिसनेरिया मात्र टवटवीत होते, कारण अशा पाण्यात विरघळलेला कार्बन त्याला वापरता येतो. अ‍ॅन्युबियसचे दुखणे तर वेगळेच. त्याचे आडवे खोड वाळूत पुरले गेल्याने कुजत होते.

उपायही तसेच केले. दिवा आठ तासांवर आणला. उजेड वाढला की झाडाची भूकही वाढते, आणि खायला नसेल तर शेवाळाचे फावते. कुजका भाग कापून अ‍ॅन्युबियस दोऱ्याने दगडावर बांधले. पालाश आणि लोह मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या बाटलीतूनच दिले. शेतातला युरिया इथे चालत नाही, त्याचा अमोनिया होऊन मासे मरतात. मरकी पाने रोज काढली. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही हीच अडचण आली होती. व्हॅलिसनेरियाची सडकी पाने पाणी नासवू लागली, तेव्हा त्याने ती खायला गोगलगायी सोडल्या!

पंधरा दिवसांनी काकू म्हणाल्या, “भोकं तर तशीच आहेत की!” बाबांचे उत्तर माझ्याजवळ तयार होते : भोक पडलेले पान भरून येत नसते, नवे पान कसे येते ते बघायचे. नवी पाने हिरवी आली. दोन झाडे गेली, बाकीची तगली. प्लॅस्टिकचा बेत रद्द झाला.

प्रवेश-अर्जात ‘वडिलांचे शिक्षण’ असा एक रकाना असतो. त्यात मी दोन्ही वर्षे ‘चौथी’ असे लिहिले आहे. ते खोटे नाही; पण त्या रकान्यात काय काय मावत नाही, ते आता मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्याच हिवाळ्यात आमच्या चार एकरांवर लाल्या आला होता. बाबांनी तो पहिल्याच पानावर ओळखला होता. औषध कोणते, तेही त्यांना माहीत होते. पण फवारणीचे पैसे हाती यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर पाने गळाली. काचेच्या टाकीला चार थेंब पुरतात. ज्याला रोग कळतो त्याच्या हाती वेळेवर पैसा का नसतो, हे मात्र कोणत्याही पानावरून वाचता येत नाही. अर्थशास्त्राच्या तासाला मी हल्ली पहिल्या बाकावर बसतो, ते एवढ्यासाठीच.