शंभरवरून साडेतीनशेवर

बंगळुरूत जुन्या मोटारसायकलींचा नाद असलेला माणूस ओळखायचा असेल तर सोमवारी सकाळी त्याची नखं बघावीत. रविवारभर केलेल्या कामाचं काळं तेल साबणानं निघत नाही, रॉकेलनंही पुरतं जात नाही. जयनगरात राहणाऱ्या एका बेळगावकराची नखं गेली कित्येक वर्षं अशीच आहेत. माणूस पन्नाशीच्या अलीकडचा, नोकरी साधी, मुलगी कॉलेजात. घरात एक यामाहा आरएक्स शंभर, 1994 सालची. वडिलांनी घेतलेली.

आरएक्स शंभर म्हणजे काय चीज होती हे त्या काळात कॉलेजात असलेल्यांना सांगायला नको. 1985 साली ती आपल्याकडे आली आणि 1996 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद 11 अश्वशक्ती. आकडे किरकोळ वाटतात, पण गाडी इतकी हलकी की मूठ पिळली की पाखरासारखी उडायची. हे महाशय तीवरच गाडी शिकले. बेळगावहून नोकरीसाठी बंगळुरूला आले, तेव्हा काही वर्षांनी वडिलांनी तीही रेल्वेनं पाठवून दिली. म्हणाले, "मला आता किक बसत नाही, तूच चालव."

मग एवढी गुणी गाडी असताना दुसरी कशाला? तर त्याचं उत्तर कॉलेजच्या दिवसांत आहे. बेळगावच्या कॅम्पातून एक मोटारसायकल जायची. ती दिसण्याआधी ऐकू यायची. राजदूत 350. यामाहानं 1973 साली जगभर आणलेली आरडी 350 एस्कॉर्ट्स कंपनीनं 1983 मध्ये 'राजदूत' या नावानं इथं बनवायला घेतली. दोन सिलिंडर, 347 सीसी, सहा गिअर. ज्या देशात दूधवाल्याची राजदूत 173 सीसीची होती, तिथं ही म्हणजे बैलगाडीच्या रस्त्यावर रेसचा घोडा. सुरुवातीच्या 'एचटी' मॉडेलला साडेतीस अश्वशक्ती होती. पेट्रोल फार खाते अशी ओरड झाली म्हणून पुढं 27 अश्वशक्तीची 'एलटी' काढली. तरी ओरड थांबली नाही. लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर देणारी मोटारसायकल त्या काळच्या कुठल्या पगारदाराला परवडणार होती? दशक संपता संपता ती बंद पडली, आणि बंद पडल्यावर मात्र लोकांना तिचं वेड लागलं. आपल्याकडे हे असंच चालतं.

तिचं आणखी एक नाव होतं. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ', असं पोरं म्हणायची. यात सगळाच विनोद नव्हता. जपानी गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता, इथल्या गाडीला ड्रम ब्रेक बसवला. वेग तोच, पण थांबायची सोय कमी. त्यात टू-स्ट्रोक इंजिनाचा एक स्वभाव असा की मूठ सोडली तरी ते गाडीला फारसं मागं ओढत नाही. फोर-स्ट्रोकची सवय असलेला माणूस इथं हमखास फसतो. सगळा भार ब्रेकवर येतो.

मित्रांनी समजावलं, की मोठीच हवी तर येझदी घे. सल्ला वाईट नव्हता. जावा आणि येझदी म्हैसूरच्या. 1961 साली तिथल्या कारखान्याचं उद्घाटन महाराजा जयचामराजेंद्र वडियार यांनी केलं आणि 1996 मध्ये तो बंद पडला, पण या भागात त्या गाड्यांचा गोतावळा अजून मोठा आहे. 2003 पासून बंगळुरूत जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात. त्या दिवशी निळा धूर आणि निवृत्त काका दोन्ही भरपूर. सुटे भाग मिळतात, मिस्त्री मिळतात. पण मनात राजदूत बसलेली असताना येझदीचे फायदे ऐकून काय होणार? स्थळ चांगलं आहे, पण पोराचं मन दुसरीकडे आहे, त्यातला प्रकार.

एका ओळखीतून म्हैसूरला एक एलटी असल्याचं कळलं. मालक वयस्कर, गुडघ्यांनी थकलेले. हा पहाटेच्या बसनं निघाला आणि शिवाजीनगरच्या आपल्या जुन्या मिस्त्रीलाही बरोबर घेतलं. जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांनी हे जरूर करावं, कारण प्रेमात पडलेल्या माणसाला गंज दिसत नाही. मिस्त्रीनं आधी इंजिन आणि चासीचे नंबर कागदाशी ताडून पाहिले. मग गाडी आपण येण्याआधी गरम केलेली नाही ना, हे मालकांना विचारलं, कारण थंड इंजिन किती किकला उठतं त्यावरून बरंच कळतं. दोन्ही प्लग काढून रंग बघितला. चॉकलेटी रंग म्हणजे प्रकृती ठीक, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि पिस्टन जाम व्हायची भीती, काळा ओला म्हणजे जास्त पडतंय. एक चॉकलेटी निघाला, एक काळा. "कार्बुरेटर बघावा लागंल," एवढंच तो बोलला.

खरा प्रश्न बोअरचा होता. सिलिंडर झिजला की तो पाव मिलिमीटरनं मोठा करून तेवढा जाड पिस्टन घालतात. असं साधारण चार वेळा करता येतं. चौथ्या वेळेनंतर सिलिंडरची भिंत पातळ होते, मग नवीन सिलिंडर शोधत फिरा. मालकांनी वीस वर्षांपूर्वीचं बिल जपून ठेवलं होतं. दुसरा बोअर झालेला, म्हणजे दोन शिल्लक. मिस्त्रीनं मान डोलावली. बिलं जपणाऱ्या माणसाची गाडी घ्यावी, हा त्याचा जुना हिशेब आहे.

घरी बायकोला सांगायचं होतं. ती फिजिओथेरपिस्ट. मोडलेली हाडं जुळून आली की माणसं तिच्याकडे येतात, त्यामुळं मोटारसायकल या वस्तूविषयी तिचं मत कंपनीच्या जाहिरातींवरून बनलेलं नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "धावायला सत्तावीस घोडे आहेत, ते कळलं. थांबवायला काय आहे?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं अख्खं चाक बदलून डिस्क बसवणारे असतात, पण मूळ रचनेत फेरफार केला की कायद्याची आडकाठी येऊ शकते आणि जुन्या गाडीचं मोलही जातं. शेवटी ठरलं ते असं: आहे तोच ब्रेक नव्यासारखा करायचा, दोन्ही टायर नवे, रात्रीचा हायवे बंद. हेल्मेट दोघांनाही. कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही ते 2016 पासून सक्तीचं आहेच. आणि ब्रेक ती स्वतः बघणार, तोवर गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर जाणार नाही.

राहिला पैसा आणि जागा. सोसायटीत दुचाकीची जागा एकच, आणि पैसे मुलीच्या फीमधून काढायचे नव्हते. म्हणजे आरएक्स विकणं आलं. गिऱ्हाइकांना तोटा नव्हता, आज चांगल्या आरएक्सला मुळात घेतली त्याच्या कितीतरी पट किंमत येते. अडचण वेगळीच निघाली. आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर होतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती.

अशी कितीतरी घरं असतात. टीव्ही, फ्रिज वारसांचे आपोआप होतात, गाडीचं तसं नाही. मालक गेल्यावर वारसानं आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो. बाकीच्या वारसांची संमती लागते. तोवर विम्याचंही नीट नसतं, अपघात झाला तर भरपाईचं घोंगडं भिजत पडतं. विकणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की गाडी दुसऱ्याला दिलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. तेव्हा कोऱ्या फॉर्मवर सही करून चावी देऊन मोकळं होऊ नये.

संमतीसाठी बेळगावला जावं लागलं. बहिणीनं लगेच सही केली. आईचं काय, हा प्रश्न होता. बाजार, दवाखाना, लग्नकार्यं, सगळीकडे ती त्या गाडीवर मागं, एका बाजूला पाय सोडून, बसून गेलेली. कागद तिच्यापुढं ठेवताना त्याला शब्द सापडेना. तिनं चष्मा लावला, वडिलांच्या नावावर बोट ठेवून ते वाचलं, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नवी कितीला देतात?"

त्यानं किंमत सांगितली.

"तसं नव्हे रे. लिटरला किती देते?"

"वीस. चांगली चालली तर पंचवीस."

"यांनी ऐकलं असतं तर घरात घेतलं नसतं तुला," ती म्हणाली आणि सही केली. कागद परत देताना विचारलं, "साडी गार्ड आहे की नाही तिला?"

नव्हता. या गाड्यांचे शौकीन पहिल्यांदा काढून टाकतात ते तेच. खरं तर मागच्या चाकावरचं हे संरक्षण नियमानं हवंच असतं. पुढं शिवाजीनगरच्या गुजरीत दोन रविवार घालवून त्यानं एक शोधून काढला, थोडा वाकडा, पण राजदूतचाच. ब्रेक शूज मिळाले जेसी रोडवर. सुट्या भागांच्या या बाजारपेठेला नाव आहे ते त्याच जयचामराजेंद्र महाराजांचं. पुढचा ड्रम लेथवर साफ करून घेतला, केबल नवी घातली.

आरएक्स हुबळीच्या एका तरुणानं नेली. सगळी कागदपत्रं पुरी झाल्यावरच. तो नेत असताना हा गच्चीवर गेला होता, टाकी बघायला म्हणे.

मग एका रविवारी सकाळी सहाला बनशंकरीच्या पलीकडच्या एका रिकाम्या लेआउटमध्ये बायकोनं रस्त्यावर खडूची रेघ ओढली. गाडी तिथवर टेम्पोतून आणली होती, ठरल्याप्रमाणं. लांबून तो चाळीसच्या वेगानं आला, रेघेवर ब्रेक दाबला आणि थांबला. तिनं पावलं मोजली. मग तो पन्नासनं आला. तिनं पुन्हा मोजली, वहीत लिहिली, आणि हातानं खूण केली, परत एकदा.