अब्बांचा संगणक आणि चार हजार रुपये

बकरी ईदचे पाहुणे परतले, घर जरा शांत झाले आणि जमातीच्या खजिनदारांचा निरोप आला. २०२१च्या पुरानंतर जमातीने जी कर्ज-ए-हसना दिली होती, त्यांची यादी त्यांना हवी होती. ती अब्बांच्या संगणकात होती. अब्बांना जाऊन दोन वर्षे होत आली. तेव्हापासून तो संगणक खोलीच्या कोपऱ्यात, अम्मीने शिवलेल्या कापडी खोळीखाली तसाच होता.

आम्ही दोघे बहीण-भाऊ चिपळूणला वाढलो. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा जमातीच्या वह्याही भिजल्या. अब्बा खजिनदार. निवृत्त शिक्षक माणूस. त्यांनी एकेक पान पंख्याखाली वाळवले आणि जे वाचता येईल ते टायपून ठेवायचे ठरवले. त्यासाठी जुना संगणक घेतला. त्यावर उबुंटू २०.०४ टाकून घेतले, कारण ते मोफत होते आणि जुन्या यंत्रावर बऱ्यापैकी चालत होते. दादीच्या तोंडची लग्नातली गाणी, आमचा शजरा, कब्रस्तानातल्या नोंदी, सगळे त्यातच. पुरातल्या कर्जांची फाइल मात्र त्यांनी वेगळी ठेवली होती. कोणाची अडचण चारचौघांत येऊ नये, म्हणून तिची छापील प्रत त्यांनी कधी काढली नाही.

संगणक सुरू केला तेव्हा पडद्यावर सूचना आली, नवी आवृत्ती उपलब्ध आहे. २०.०४चा नेहमीचा आधार मे २०२५मध्येच संपला होता. आम्ही विचार केला, आधी यंत्रणा ताजी करू, मग निवांत फाइल काढू. चूक इथेच झाली. फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायला दोन मिनिटे लागली असती. आम्ही ती दोन मिनिटे वाचवली.

जोहरनंतर अपग्रेड सुरू केले. अस्रच्या सुमारास पाऊस आला आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे होते, संगणक नव्हता.

वीज आल्यावर बटण दाबले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर उतरल्या आणि थांबल्या. शेवटी लिहिले होते ‘कर्नल पॅनिक’, आणि त्याच्या आसपास मूळ डिस्क जोडता येत नसल्याची तक्रार. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तेच.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात दाखवले. “फॉरमॅट मारावा लागेल. आतले सगळे जाईल,” एवढे बोलून कारागिराने हात पुढे केला. आम्ही संगणक उचलून घरी आणला. अम्मी दारातच उभी होती. तिने फक्त विचारले, “मिळेल ना बेटा?” आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिले.

ईशानंतर आमच्या मामेभावाला दोहाला व्हिडिओ कॉल लावला. तो तिथे सर्व्हरची कामे करतो. पडद्याचा फोटो पाहून तो हसला. “आपा, घाबरू नका. घर जळलेले नाही, फक्त किल्ली हरवली आहे. पण एक वचन द्या, मी सांगेपर्यंत ‘इन्स्टॉल’ शब्दाला हात लावायचा नाही.”

मग त्याने समजावले. कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा. तो जागा झाला की डिस्क ओळखून उघडण्यासाठी त्याला काही साधने लागतात. ती एका छोट्या फाइलमध्ये बांधून दिलेली असतात. तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. प्रवासाला निघालेल्याची शिदोरीच म्हणा. आमच्याकडे नवा कर्नल आला होता, पण त्याची शिदोरी बांधण्याआधीच वीज गेली. डिस्क जागेवर होती, अब्बांच्या फायलीही जागेवर होत्या. त्यांच्यापर्यंत पोहोचायची वाट तेवढी तुटली होती.

पहिला उपाय सोपा होता. सुरू होताना ग्रब नावाची यादी येते. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुने कर्नल असतात आणि त्यांची शिदोरी शाबूत असते. आम्ही जुना कर्नल निवडला. गाडी पुढे सरकली, उबुंटूचे चिन्हही दिसले, पण मग पडदा काळा झाला. निम्मे प्रोग्राम नवे, निम्मे जुने, त्यांचे आपसात जमेना. त्याच यादीत दुरुस्तीचा मोडही असतो. तिथूनही काम झाले असते, पण भाऊ म्हणाला, “दुरुस्ती नंतर. आधी अमानत बाहेर काढा.”

दुसऱ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ची प्रत उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर बसवली. तो लावून, संगणक सुरू होताना एफ-१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडला. कोणत्या यंत्रात ही कळ वेगळी असते. समोर दोन पर्याय आले, ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’. पहिला घेतला की सगळी यंत्रणा पेन ड्राइव्हवरून चालते, डिस्कला धक्का लागत नाही. दुसऱ्या वाटेने गेलो असतो, तर पुढे डिस्क पुसण्याचा पर्याय आला असता. घाईत त्याला ‘हो’ म्हणायला वेळ लागत नाही.

डिस्कचा कोणता भाग आपला, ते आकारावरून ओळखले. तो जोडण्याआधी एफएससीके या आज्ञेने तपासून घेतला. ही तपासणी भाग जोडलेला नसतानाच करायची असते. मग तो जोडला आणि फोल्डर उघडले. ‘जमात’, ‘शजरा’, ‘अम्मीची गाणी’. अब्बा दादीला अम्मीच म्हणत. आमच्या अम्मीने पडद्यावर बोट ठेवून ती नावे वाचली. काही वेळ कोणी बोलले नाही.

सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवले. दोन-तीन फायली उघडून खात्री केली. नुसती नावे दिसली म्हणजे फाइल आली असे नसते. मग दुरुस्तीला हात घातला.

तिची रीत अशी. पेन ड्राइव्हवरच्या चालत्या यंत्रणेतले डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर डिस्कवरच्या आजारी यंत्रणेला जोडायचे आणि सीएचरूट या आज्ञेने तिच्या आत शिरायचे. ‘रन’ जोडला की इंटरनेटचा पत्ताही आत मिळतो. बूटचा भाग वेगळा असेल तर तोही जोडावा लागतो. आमच्याकडे वेगळा नव्हता. आत गेल्यावर डीपीकेजीला सांगितले की अर्धवट राहिलेले सगळे पुरे कर. ओळी धावू लागल्या. मधे ती विचारे, ही जुनी मांडणी ठेवू की नवी? भाऊ म्हणाला, ठाऊक नसेल तिथे जुनी ठेवा. मग एपीटीकडून तुटलेल्या जोडण्या दुरुस्त करून राहिलेले अपग्रेड पुरे केले. नव्या कर्नलची शिदोरी नव्याने बांधली आणि शेवटी ग्रबची यादी ताजी केली. या वेळी संगणकाची वायर इन्व्हर्टरवर होती. आमचे शहाणपण एक दिवस उशिरा आले.

रात्रीचे दोन वाजले होते. पेन ड्राइव्ह काढला, बटण दाबले. चिन्ह आले, पडदा काळा झाला, आमचा श्वास अडकला, आणि मग अब्बांचे नाव आणि पासवर्डची चौकट दिसली. भाऊ तिकडून म्हणाला, “अल्हम्दुलिल्लाह. आता झोपा.”

झोप कुठली यायला. आम्ही कर्जांची फाइल उघडली. कोणी टपरी उभी करायला घेतलेले, कोणी शिलाई मशीनसाठी. बहुतेकांनी फेडलेले. शेवटच्या ओळीत अब्बांचे स्वतःचे नाव होते. घराच्या दुरुस्तीसाठी ३०,००० रुपये. फेडले २६,०००. बाकी ४,०००. शेवटचा हप्ता त्यांच्या इस्पितळात जाण्याच्या आदल्या महिन्यातला.

आम्हाला हे माहीत नव्हते. अम्मीलाही नाही. मयतीच्या वेळी आम्ही रीतीप्रमाणे सगळ्यांना विचारले होते, अब्बांचे कोणाचे देणे असेल तर सांगा. कोणी काही बोलले नाही, कारण तो हिशोब ज्यांना ठाऊक होता, त्यांचाच जनाजा समोर होता. त्या दुकानात आम्ही मान डोलावली असती, तर हे कर्ज त्यांच्या मानेवर तसेच राहिले असते आणि आम्हाला कधी कळलेही नसते.

फजरनंतर अम्मीने कपाटातून पैसे काढून मोजले. यादीचा पेन ड्राइव्ह आणि चार हजार रुपये आम्ही खजिनदारांच्या हातात दिले. त्यांनी आमच्यासमोर पावती फाडली. अम्मीने ती अब्बांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली.

आता दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला त्या संगणकाची प्रत दोन ठिकाणी उतरते, एक घरी, एक ताईच्या सासरी. तुमच्याही घरात असा एखादा संगणक किंवा जुना मोबाइल खोळीखाली पडलेला असेल. आज संध्याकाळी तो उघडून पाहा. पण आधी आतले बाहेर काढून घ्या, अपग्रेड त्यानंतर.