खोतांची, कुळांची आणि राजाची पुस्तके

समीक्षा, म्हणजे ठरावीक निकष लावून केलेले साहित्यकृतीचे परीक्षण, कादंबरीला कादंबरीशेजारी आणि आत्मचरित्राला आत्मचरित्राशेजारी ठेवून पाहते. वाचकाच्या मनात मात्र ही विभागणी फार काळ टिकत नाही, तेथे एखादा सरकारी ग्रंथ कादंबरीतील मौन उघडे पाडतो आणि एखादे आत्मचरित्र लहानपणी पाठ झालेल्या पुस्तकाकडे पुन्हा संशयाने पाहावयास लावते. रत्नागिरीच्या वाचकाच्या बाबतीत हे विशेष घडते, कारण १८२८ साली स्थापन झालेले जिल्हा नगर वाचनालय ज्या शहरात आहे, त्या शहराविषयी आणि त्याच्या आसपासच्या मुलखाविषयी परस्परांशी फारसे न पटणाऱ्या माणसांनी विपुल लिहून ठेवले आहे. येथील मते अशाच एका वाचकाची आहेत. ती सर्वमान्य व्हावीत असा त्याचा आग्रह नाही, परंतु ती सौम्य करून सांगण्याचीही त्याला गरज वाटत नाही.

या वाचकाच्या मते प्रारंभ सर्वांत रूक्ष पुस्तकापासून करावा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे प्रदेशाचा भूगोल, लोक, शेती, व्यापार व महसूल यांविषयी प्रशासकांसाठी एकत्रित केलेल्या माहितीचा, दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडी यांना वाहिलेला असून तो १८८० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यातील जातीजमातींच्या स्वभावाविषयीची विधाने आज वाचवत नाहीत, इतकी ती उर्मट आहेत. पण महसुलाच्या प्रकरणाला पर्याय नाही. सरकारला स्वतः सारा भरणारे धारेकरी, ज्यांच्या गावचा सारा खोतामार्फत जातो ती खोती गावे आणि दोन्ही प्रकार एकत्र असलेली, अधिकृत कागदपत्रांतही ‘खिचडी’ याच नावाने ओळखली जाणारी गावे, हा भेद तेथे नीट उलगडतो. खोत हा वंशपरंपरेने गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ होता, आणि कुळाकडून, म्हणजे जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याकडून, तो जे घेई व सरकारला जे देई त्यांतील अंतरावर त्याचे घर चाले. ही व्यवस्था रद्द करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले होते. प्रत्यक्ष कायदा होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. एवढी माहिती हाताशी नसेल, तर कोकणातील अर्ध्या कादंबऱ्यांत खोत म्हणजे केवळ एक तापट, खर्चीक आणि थोडासा रुबाबदार स्वभाव उरतो.

श्री. ना. पेंडसे यांच्या दोन कादंबऱ्यांविषयी या वाचकाचे मत प्रचलित मतापेक्षा वेगळे आहे. ‘तुंबाडचे खोत’ ही १९८७ साली दोन खंडांत आलेली, जगबुडी नदीच्या काठावरील एका घराण्याच्या अनेक पिढ्यांची कथा पेंडशांची सर्वश्रेष्ठ कृती म्हणून सांगितली जाते, आणि तिचा पहिला खंड खरोखरच दांडगा आहे: त्यात माणसे बोलू लागली की लेखक बाजूला होतो, आणि घराण्याचा माज व घराण्याचा नाश एकाच वाड्यात सुखाने नांदताना दिसतात. दुसऱ्या खंडात मात्र देशाचा इतिहास घराण्याच्या इतिहासावर कुरघोडी करू लागतो आणि पात्रे आपापल्या काळाची प्रतिनिधी बनून वावरू लागतात. कादंबरी एक तृतीयांशाने लहान असती तर तिचे काहीच बिघडले नसते. याउलट १९५२ सालच्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीत एकही पान वाया गेलेले नाही. अण्णा खोतांच्या सत्तेला न जुमानणारा बापू आणि गावाने बोल लावलेली राधा या दोघांना पेंडशांनी समर्थनाची गरजच भासू दिली नाही, आणि खोताचा अधिकार नेमका कशावर उभा असतो, म्हणजे जमिनीइतकाच गावाच्या भीतीवर, हे एका भाषणाशिवाय दाखविले. तरीही दोन्ही कादंबऱ्यांत एक उणीव समान आहे: कुळे कथेच्या कडेला राहतात. ती राबतात, घाबरतात, प्रसंगी इमान राखतात. पण रात्री घरी गेल्यावर ती खोताविषयी काय बोलतात, हे वाचकाला कधी ऐकू येत नाही.

खोताच्या घरातूनच आलेले, पण रुबाब उतरल्यानंतरचे पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. दापोली तालुक्यातील पालगड येथे जन्मलेल्या साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. मुलांना संस्कार देणारे पुस्तक ही त्याची कीर्ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे, कारण संस्कारांच्या पानांहून कर्जाची पाने कितीतरी थोर आहेत. वसुलीसाठी दारात येणारा माणूस, त्याच्यासमोर ओशाळणारा बाप आणि घराण्याचे नाव शिल्लक असून घरात काहीच शिल्लक नसणे, हे त्या पिढीच्या मराठी गद्यात इतक्या उघडपणे क्वचितच आले असेल. रडू आणणारी वाक्ये गुरुजींनी जरा जास्तच सढळ हाताने वापरली, हेही मान्य करावे लागते. मोळी घेऊन थकून बसलेल्या अस्पृश्य वृद्धेला मदत करण्यास आई श्यामला पाठविते, तो प्रसंग अनेकांना तोंडपाठ असतो. मदत केल्यावर घरी येऊन स्नान करावयाचे आहे, ही त्यातील तजवीज मात्र फारशी कोणाच्या स्मरणात राहत नाही. आईची करुणा अस्सल आहे, आणि त्या करुणेला कुंपण आहे. गुरुजींनी ते कुंपण लपविले नाही, हा लेखकाचा प्रामाणिकपणा होय.

कुंपणापलीकडून लिहिलेले पुस्तक वाचकाच्या हाती येण्यास त्यानंतर जवळजवळ सात दशके गेली. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. आयदान म्हणजे बांबूच्या पट्ट्यांपासून विणलेली सुपे, टोपल्या, रोवळ्या यांसारखी भांडी. शिक्षक असलेल्या पतीच्या निधनानंतर लेखिकेच्या आईने हे विणकाम करून मुलांना वाढविले. रत्नागिरीच्या बाजारात माल विकण्यासाठी डोंगर चढून उतरून येणाऱ्या गावाकडच्या बायका या पुस्तकात बोलतात, शिव्या देतात, एकमेकींची थट्टा करतात, आणि शहराच्या वाचकाला आपल्याच बाजारपेठेकडे येणारी ती वाट प्रथमच खालून वर दिसते. या पुस्तकाला बहुधा केवळ वेदनेचा दस्तऐवज म्हणून गौरविले जाते, आणि तो गौरव अपुरा आहे. त्यातील विनोद, त्यातील मासळीची आणि जेवणाची वर्णने, शेजारणीचे नेमके चित्र दोन वाक्यांत उभे करण्याची हातोटी, हे सारे वाङ्मयीन गुण आहेत. ते एखाद्या प्रस्थापित लेखकाजवळ असते तर समीक्षकांनी प्रथम त्यांचीच दखल घेतली असती. उत्तरार्धात संस्था, सभा आणि चळवळीतील सहकारी यांची गर्दी होते व विणीचा घट्टपणा काहीसा सैल पडतो. परंतु पेंडशांच्या कादंबऱ्यांत जे ऐकू येत नाही, ते येथे ऐकू येते, आणि म्हणून ‘आयदान’ वाचल्यानंतर ‘तुंबाडचे खोत’ पहिल्यासारखी वाचता येत नाही.

रत्नागिरी शहराची ओळख महाराष्ट्राला ज्या लेखाने करून दिली, तो ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील ‘अंतू बर्वा’. पु. ल. देशपांडे यांनी या व्यक्तिचित्रात जे साधले ते पुढे त्यांनाही क्वचितच साधले: तेथे विनोद हा पात्राचा गुण नसून त्याचे चिलखत आहे, आणि ते चिलखत निघताच उरणारा म्हातारा पाहवत नाही. दुर्दैव असे, की खुद्द रत्नागिरीकरांनी त्याला प्रशस्तिपत्र मानले व खवचटपणा हा स्थानिक सद्गुण ठरविला. (काही घरांतून तो नियमाने पाळलाही जातो.) पु. लं.चा विवाह १२ जून १९४६ रोजी याच शहरात झाला, आणि वधू सुनीता ठाकूर यांनी पुढे १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ हे आत्मकथन लिहिले. ते प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक वाचकांनी त्यात लाडक्या लेखकाविरुद्धची तक्रार तेवढी शोधली. वास्तविक त्या पुस्तकातील सर्वांत कठोर पाने लेखिकेने स्वतःविषयी लिहिली आहेत. कालक्रम सोडून आठवणींमागे भटकणारी त्याची रचना कोठे कोठे थकवते, पण स्वतःची बाजू न सावरता लिहिण्याचे धैर्य मराठी आत्मचरित्रांत दुर्मिळ असल्यामुळे या वाचकाने त्याला अंतू बर्व्याच्याही वर स्थान दिले आहे.

या शहराच्या पुस्तकांची एक वाट ब्रह्मदेशाकडे जाते. पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणले आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला; तो येथे बंदिवासात असतानाच रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच्या मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. या ग्रंथाच्या जाडीने दबून जाणाऱ्यांनी प्रथम परिशिष्टातील बहिरंगपरीक्षा, म्हणजे गीतेचा काळ आणि इतर ग्रंथांशी तिचा संबंध यांची चर्चा, वाचावी. तेथील टिळक अधिक मोकळे, अधिक चपळ आणि वादात अधिक रमलेले आहेत. थिबाविषयी इंग्रजीत दोन पुस्तके ठळक आहेत. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या कादंबरीत रत्नागिरीची खाडी सुरेख दिसते, पण ती राजाच्या बंगल्याच्या उंचीवरून दिसते, आणि गावातील माणसे प्रामुख्याने नोकरचाकर म्हणून येतात. सुधा शाह यांचे ‘द किंग इन एक्झाइल’ (२०१२) हे चरित्र शैलीने साधे असले तरी राजाच्या थोरल्या मुलीपर्यंत आणि रत्नागिरीत सामान्य, हलाखीचे जीवन जगलेल्या तिच्या मुलीपर्यंत जाऊन पोहोचते. या वाचकाला चरित्र अधिक मोलाचे वाटते, कारण राजवाडा पाहून परतणाऱ्यांना त्या नातीची गोष्ट एरवी कळत नाही.

भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाविषयी मत देण्याचे या वाचकाने टाळले आहे. पाच खंडांचा तो ग्रंथ संदर्भासाठी उघडला जातो, सलग वाचला जात नाही, आणि न वाचलेल्या ग्रंथाचा आदर करणे निराळे व त्यावर मत देणे निराळे. वाचनालयातून ‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड घरी नेणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे: ते परत करावयास जाल तेव्हा त्याच खेपेस ‘आयदान’ मागून घ्या, आणि दोन्हींच्या मध्ये तिसरे पुस्तक येऊ देऊ नका.